आवाजाचे आकडे होताना

घरात एक जुनी कॅसेट असते, तिच्यात आपल्या माणसाचा आवाज असतो आणि तो कॉम्प्युटरवर घ्यायचा असतो. बहुतेक जण या वाटेला लागतात ते असे. मीही तशीच लागले. आजोबांच्या गप्पांची कॅसेट, एक बाजू ४५ मिनिटांची. डेकच्या हेडफोन जॅकमधून वायर काढली, लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमध्ये पिन खुपसली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि दुसऱ्या कामाला लागले. पाऊण तासानं येऊन ऐकते तर आजोबा बोलताहेत तोवर ठीक. हसले की आवाज फाटायचा. कॅसेट पुन्हा लावली, तर या खेपेला ती डेकमध्ये गुंतली. पेन्सिल घालून रीळ गुंडाळत बसले तेव्हा ठरवलं, आता आधी समजून घ्यायचं आणि मगच बटण दाबायचं.

समजलं ते थोडक्यात असं: आवाजाचे आकडे करणारी चिप हल्ली साध्या उपकरणातही चोख काम करते. घोळ होतो तो आवाज तिच्यापर्यंत पोचण्याआधी, आणि बहुधा आपल्याच हातून. त्यामुळे आधी ती चिप काय करते ते पाहू आणि मग हाताने करायच्या गोष्टींकडे वळू.

वायरमधून काय वाहतं

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. माइकचा पडदा त्या दाबाबरोबर हलतो आणि वायरमध्ये तशाच चढउताराचा विजेचा दाब तयार होतो. हवेत लाट वर गेली की व्होल्टेज वर, खाली आली की खाली. कॅसेटवर हीच लाट चुंबकत्वाच्या रूपात असते, तबकडीवर खाचेच्या नागमोडी वळणात. रूप बदललं तरी लाटेचा आकार तोच राहतो, म्हणून याला अॅनालॉग म्हणायचं. ही लाट सलग असते. तिच्यात ‘इथे एक बिंदू संपला, दुसरा सुरू झाला’ असं काही नसतं.

कॉम्प्युटरला सलग असं काही साठवता येत नाही, त्याला आकडेच लागतात. तेव्हा दोनच प्रश्न उरतात. लाटेची उंची सेकंदाला किती वेळा मोजायची? आणि मोजायची पट्टी किती बारीक असावी? पहिल्याचं उत्तर म्हणजे सॅम्पल रेट आणि दुसऱ्याचं बिट डेप्थ. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीलाच हे दोन आकडे विचारले जातात आणि नवखा माणूस तिथेच अडतो.

सेकंदाला किती वेळा मोजायचं

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं (सेकंदाला तितक्या कंपनांचं) ऐकू येतं, तेही तरुणपणी. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. नियम असा, की जेवढी उंच कंपनसंख्या पकडायची असेल तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजायचं. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारेवरून जाणाऱ्या संदेशांचा विचार करताना याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याला गणिती सिद्धतेचं रूप दिलं. २०,००० ची दुप्पट ४०,०००, वर थोडी मोकळी जागा, म्हणून सीडीचा आकडा ४४,१००.

मग ४४,००० का नाही, वर ते शंभर कशाला? हे मला फार दिवस छळत होतं. उत्तर गमतीचं आहे. डिजिटल ध्वनी साठवायला सुरुवातीला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन मोजमापं बसवायची. सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे अर्धी चित्रं) दाखवणाऱ्या पद्धतीत एका क्षेत्रात २४५ रेषा कामी येत आणि ५० क्षेत्रांच्या पद्धतीत २९४. आता गुणाकार करा: ६० × २४५ × ३ आणि ५० × २९४ × ३. दोन्हीकडे ४४,१०० च येतात. व्हिडिओ टेप गेली, आकडा राहिला.

आता हा नियम जवळून पाहू. तुम्ही २०० हर्ट्झला ‘आ’ लावलात, तर एक आंदोलन ५ मिलिसेकंदांचं होतं आणि तेवढ्यात सुमारे २२० मोजमापं होतात. इथे कुणाला शंका येत नाही. पण १०,००० हर्ट्झच्या झांजेसारख्या झणझणाटात एका आंदोलनाच्या वाट्याला जेमतेम साडेचार बिंदू येतात. साडेचार बिंदूंवरून लाट कशी काढणार? काढता येते, कारण मर्यादेच्या आत, म्हणजे सॅम्पल रेटच्या निम्म्याखाली, राहून त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी लाट एकच असते, दुसरी बसतच नाही. पुस्तकांत डिजिटल आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा काढून दाखवतात, त्या चित्रानं बरंच नुकसान केलं आहे. परत अॅनालॉग होऊन स्पीकरकडे जाणारी लाट गुळगुळीतच असते, तिला पायऱ्या नसतात.

मर्यादेबाहेरचं काही आत शिरलं तर मात्र पंचाईत. सिनेमात धावत्या गाडीची चाकं कधीकधी उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. सेकंदाला २४ चित्रं चाकाच्या वेगाला पुरत नाहीत, म्हणून डोळ्याला भलताच वेग दिसतो. आवाजात ३०,००० हर्ट्झचा सूर ४४,१०० च्या मापाला आला, तर फाइलमध्ये तो १४,१०० हर्ट्झचा होऊन बसतो. जो ऐकूच येत नव्हता तो आता ऐकू येतो, आणि एकदा घुसला की काढता येत नाही. याला एलियसिंग म्हणतात. ते टाळायला मोजण्याआधी मर्यादेवरचे सूर अडवणारी गाळणी लागते. आजच्या बहुतेक चिपा ही कसरत वेगळ्या तऱ्हेनं करतात. त्या ६४ पट किंवा त्याहून वेगानं, म्हणजे सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा, अगदी ढोबळ मोजतात आणि मग गणितानं गाळून त्यातून ४४,१०० नेमके आकडे काढतात. आपल्याला त्यात काहीच करावं लागत नाही.

कमी मोजलं की काय होतं, याचा नमुना टेलिफोन. जुन्या धाटणीच्या डिजिटल टेलिफोनीत सेकंदाला ८,००० मोजमापं घेतात आणि आवाज साधारण ३,४०० हर्ट्झवर कापलेला असतो. ‘स’ आणि ‘फ’ यांची ओळख पटते ती त्याच्या वरच्या भागात. म्हणून जुन्या फोनवर नाव सांगताना ‘स, समईतला स’ असं सांगावं लागतं.

तुम्ही काय निवडायचं? ४४,१०० किंवा ४८,०००, बस. आवाज पुढे व्हिडिओला जोडायचा असेल तर ४८,०००. कॅसेटसाठी ९६,००० घेऊन फाइल फुगते. साध्या कॅसेटवर १५-१६ हजार हर्ट्झच्या वर टिपण्यासारखं फारसं नसतंच.

पट्टी किती बारीक

१६ बिट म्हणजे पट्टीवर ६५,५३६ खुणा. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६. मोजलेली उंची जवळच्या खुणेवर सरकवली जाते आणि त्या सरकवण्यात जी बारीकशी चूक राहते ती खरखर म्हणून ऐकू येते. प्रत्येक बिटामागे ही खरखर सुमारे ६ डेसिबलनं खाली जाते. त्या हिशेबानं १६ बिटांत सर्वांत मोठ्या आवाजापासून खरखरीपर्यंत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. साध्या कॅसेटचं हेच अंतर ५०-६० डेसिबल असतं. म्हणजे टेपची स्वतःची सूंऽऽ १६ बिटांच्या खरखरीला सहज झाकून टाकते.

मग मी २४ बिट घ्या असं का म्हणते? नाजूकपणासाठी नव्हे, निर्धास्तपणासाठी. लेव्हल, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, १२ डेसिबलनं कमी ठेवलीत तर दोन बिट वाया जातात. १६ मधून दोन गेले तर १४ उरतात आणि हात थोडा आखडतो. २४ मधून दोन गेले तर काही बिघडत नाही. २४ बिट घेतल्यावर लेव्हल काठोकाठ भरायचा मोह सुटतो, आणि बहुतेक रेकॉर्डिंग त्या मोहापायीच फाटतात.

जोडणी

लॅपटॉपचा माइक जॅक विसरा. तो काही मिलिव्होल्टच्या कुजबुजीसाठी बनवलेला असतो. डेकच्या लाइन आउटमधून (दुसऱ्या यंत्राला आवाज द्यायच्या जॅकमधून) तिसरा हिस्सा व्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे शंभर पटीच्या घरात. शिवाय तो जॅक पुष्कळदा मोनो असतो, त्यामुळे स्टिरिओ कॅसेटच्या डाव्या-उजव्या आवाजांपैकी एक गायब. यूएसबीनं जोडायचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपचा डबा, घ्या, पण त्याला ‘लाइन’ इनपुट आहे ना हे बघून घ्या. डेकला लाइन आउट असेल तर तेच वापरा. हेडफोन जॅकला व्हॉल्यूमचं बटण मध्ये येतं आणि ते कुठे ठेवायचं हा नवा प्रश्न होतो.

माइकवरून बोलणं घ्यायचं असेल आणि माइक कंडेन्सर असेल, तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं, नाहीतर माइक मुकाच राहतो. साध्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नाही.

तबकडीची गोष्ट निराळी. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा रुंद होऊन कमी गाणी बसली असती, आणि वरचे सूर उचललेले असतात. वाजवताना हे उलटं करावं लागतं. ते काम फोनो प्रीअँप करतो. तो न लावता थेट जोडलंत तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका आणि हळू येईल.

टेप लावण्याआधी

डेकमधलं हेड (टेप वाचणारा भाग) आणि रबराची चाकी बघा. तपकिरी पूड दिसली तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा, वाळू द्या. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट एकदा पुढे पळवा, एकदा मागे, मग वाजवा. हे मी आधी केलं असतं तर पेन्सिल हातात घ्यावी लागली नसती. डॉल्बीचं (टेपची सूंऽऽ कमी करणाऱ्या सोयीचं) बटण मूळ कॅसेट भरताना जसं होतं तसंच ठेवा, आठवत नसेल तर कॅसेटच्या कागदावर बहुधा खूण असते.

हेडशेजारी एक लहान स्क्रू असतो, त्यानं हेडचा तिरकेपणा बदलतो. ज्या मशीनवर ती कॅसेट भरली त्याचा तिरकेपणा तुमच्या डेकशी जुळत नसेल तर आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. स्क्रू केसभर फिरवून ‘स’, ‘श’ जिथे सर्वांत लख्ख ऐकू येतात तिथे थांबायचं. फिरवण्याआधी मूळ जागेवर मार्करनं खूण करा. सॉफ्टवेअरमध्ये नंतर कितीही खटपट केली तरी या एका स्क्रूची सर येत नाही. भीती वाटत असेल तर हात लावू नका, तरीही काम होईल.

लेव्हल: सगळा खेळ इथे आहे

डिजिटल मीटरवर शून्य सगळ्यात वर असतं आणि बाकी सगळं उणे. जुन्या डेकवर काटा शून्याच्या पुढे लाल पट्ट्यात गेला तरी टेप सांभाळून घ्यायची, आवाज थोडा जाड व्हायचा इतकंच. ती सवय इथे नडते. १६ बिटांत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. लाटेला ४०,००० व्हायचं असेल तरी ३२,७६७ च लिहिला जातो, पुढचाही ३२,७६७, त्याच्या पुढचाही. डोंगराचा माथा कापून पठार होतं. ते पठार म्हणजे फाटलेला आवाज.

कॅसेटमधली सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा आधी शोधा. हसणं, टाळ्या, कुणाची तरी हाक. ती जागा वाजवत इंटरफेसवरचं गेनचं (आत येणारा आवाज कमी-जास्त करायचं) बटण असं लावा, की मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये उसळी घेईल. मग टेप सुरुवातीला न्या आणि शेवटपर्यंत गेनला हात लावू नका. हळू बोलणं आलं की वाढवावंसं वाटतं. वाढवू नका, ते नंतर फाइलमध्ये वाढवता येतं.

आता माझ्या पहिल्या फाइलमध्ये काय झालं होतं ते सांगते, कारण हा सापळा मीटरवर दिसत नाही. माझं मीटर लालमध्ये गेलंच नव्हतं. मी सॉफ्टवेअरमधली लेव्हलची पट्टी खाली ओढून उणे १० वर आणली होती आणि खुशीत होते. फाइल मोठी करून पाहिली, तर आजोबांच्या हसण्याच्या जागी प्रत्येक लाटेचा माथा कापलेला, पण शून्यावर नाही, उणे १० वर! आवाज माइकच्या जॅकमध्येच फाटला होता. मी फाटलेला आवाज फक्त हळू केला होता. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: इंटरफेसवरचं बटण चिपच्या आधी असतं, सॉफ्टवेअरमधली पट्टी बहुधा चिपच्या नंतर. फाटणं थांबवायचं तर आधीच्या बटणाला हात घालावा लागतो.

कॉम्प्युटर किंवा फोनमधल्या ‘आवाज सुधारणा’, ‘आपोआप लेव्हल’, ‘गोंगाट कमी करा’ अशा सगळ्या सोयी बंद करा. त्या कॉलसाठी ठीक असतात. रेकॉर्डिंगमध्ये बोलणारा थांबला की त्या सूंऽऽ वर आणतात, बोलू लागला की खाली दाबतात, आणि ऐकताना कुणीतरी श्वास घेतंय असं वाटत राहतं.

मागे सलग घूंऽऽ ऐकू येत असेल तर ती विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. डेक आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावा, नाहीतर बॅटरीवरच काम उरका.

रेकॉर्डिंग

सॉफ्टवेअर ऑडॅसिटीसारखं फुकटचं पुरतं. २४ बिट, ४८,०००, स्टिरिओ. हिशेब सोपा आहे: ४८,००० × ३ बाइट (२४ बिट) × २ (डावा-उजवा आवाज), म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. ४५ मिनिटांची एक बाजू सुमारे ७७८ एमबी. डिस्कवर तेवढी जागा आहे ना ते बघा.

वायफाय बंद करा, बाकीच्या खिडक्या बंद करा. आकडे वेळेवर उचलले गेले नाहीत तर मध्ये बारीक ‘टक्’ येतं आणि काही मोजमापं कायमची गळतात. टक् येतच राहिलं तर सॉफ्टवेअरमधल्या बफरचा (आकडे क्षणभर साठवून ठेवायच्या जागेचा) आकडा वाढवा. टेप चालू पण बोलणं सुरू नाही, अशी पाच-दहा सेकंदंही घ्या. टेपची नुसती सूंऽऽ पुढे उपयोगी पडते. आणि एक बाजू सलग एका फाइलमध्ये घ्या, हेडफोन लावून बसून. हो, पाऊण तास. मी उठून गेले होते, त्याचं फळ वर सांगितलंच आहे.

एक चूक कानाला लगेच कळते. ४८,००० नं घेतलेली फाइल कुठेतरी ४४,१०० समजून वाजली, तर सगळं रेंगाळतं आणि सूर सुमारे दीड पट्टी उतरतो. काळी दोनचं गाणं पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मध्येच कुठेतरी लटकतं, कुठल्याच पट्टीत बसत नाही. फाइल खराब झालेली नसते, वाजवणाऱ्याला चुकीचा आकडा सांगितलेला असतो. इंटरफेस, सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट या तिन्ही ठिकाणी एकच सॅम्पल रेट आहे ना, ते तपासा.

साठवणं

पहिली फाइल वेव्ह स्वरूपात जशीच्या तशी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक स्वरूपात. आकार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो आणि एकही आकडा हरवत नाही. एमपीथ्री कानाला कमी जाणवणारं टाकून देतं. पाठवायला उत्तम, पण मूळ प्रत म्हणून नको. एमपीथ्री उघडून, कापून पुन्हा एमपीथ्री केलीत तर दर खेपेला थोडं आणखी जातं.

गोंगाट काढायचा तो प्रतीवर, आणि हात आखडता ठेवून. आधी घेतलेली नुसती सूंऽऽ इथे नमुना म्हणून द्यायची. जास्त काढलंत की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. मी तर अलीकडे काढतच नाही, दोन मिनिटांत कान सूंऽऽला सरावतात. शेवटी कुणासाठी १६ बिटांची प्रत करायची असेल तर डिदर चालू ठेवा. तो पट्टी जाड करण्याआधी मुद्दाम अगदी बारीक खरखर मिसळतो, त्यामुळे हळू आवाजाच्या शेपट्या तुटक न होता विरत जातात.

फाइलच्या नावात कॅसेटवरचा मजकूर, बाजू आणि वर्ष टाका. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, आणि कॅसेट टाकू नका. पुढेमागे चांगला डेक मिळाला तर ती पुन्हा घेता येते, फाटलेली फाइल मात्र शिवता येत नाही. आजोबांची कॅसेट मी दुसऱ्यांदा नीट घेतली. अकराव्या मिनिटाला चार सेकंद त्यांचा आवाज डुगडुगतो, टेप गुंतली तेव्हा तिथे सुरकुत्या पडल्या. फाइलच्या नावाशेजारी तेही लिहून ठेवलं आहे.